तानबाच्या नावाच्या खुर्च्या

दीपमाला मॅडम कोणतीही वस्तू आधी उलटी करून पाहतात. डबा, बादली, लेकराचं खेळणं, काहीही. बुडाशी छोटा त्रिकोण असतो, त्यात आकडा असतो. तो वाचायचा. मग नखानं ओरखडा काढायचा. मग कड थोडी वाकवायची. हे सगळं त्या बोलता बोलता करतात, जशा दुसऱ्या बायका भेंडीचं टोक मोडून पाहतात.

वर्ध्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात त्या रसायनशास्त्र शिकवतात. पॉलिमरचा धडा आला की पोरांना झोप येते. मॅडम त्या दिवशी पिशवी भरून सामान नेतात. तेलाची कॅन, पाइपचा तुकडा, औषधाची बाटली, मोडका कंगवा. टेबलावर पाण्याची बादली ठेवतात. एकेक तुकडा पाण्यात सोडायचा. तरंगला तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन. बुडाला तर पीव्हीसी, नाहीतर पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. मग चिमट्यात धरून काडी लावायची. पॉलिथिन विझवलं की मेणबत्तीसारखा वास येतो. पीव्हीसी नाकाला झोंबतं. पोरं जागी होतात. पुढे कितीतरी वर्षांनी कुठे भेटली की म्हणतात, मॅडम, बाकी सारं विसरलो, बादली लक्षात आहे.

वस्तीतही तेच. लेकराचा गरम भात कोणत्या प्लास्टिकच्या डब्यात चालतो, लोणचं कशात घालायचं नाही, गच्चीवरच्या टाकीला भेग का पडते, हे बायका त्यांनाच विचारतात. ड्रम घ्यायचा असला तरी मॅडमना सोबत नेतात. मॅडमनी वाकवून पाहिलं म्हणजे झालं. दुकानदारही मग फार बोलत नाही.

म्हणून अन्नपूर्णाबाईंनी विहारासाठी खुर्च्या द्यायचं ठरवलं, तेव्हा त्या सरळ मॅडमच्या घरी आल्या.

अन्नपूर्णाबाईंचे यजमान तानबा ताकसांडे रेल्वेत गँगमन होते. वस्तीतलं विहार बांधलं तेव्हा विटा वाहण्यात ते पुढे होते. आषाढी पौर्णिमेला वर्षावास लागतो. मग तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालतं. तानबा सतरंज्या टाकायचे, शेवटी झटकून घडी घालायचे, आणि वाचन होईपर्यंत दारातल्या पायरीवर बसून राहायचे. आत या म्हटलं तर, इथूनही ऐकू येतं, एवढंच म्हणायचे. ते गेले. इकडे सतरंजीवर बसणाऱ्या बायकांचे गुडघेही गेले. बसलेलं उठवत नव्हतं. अन्नपूर्णाबाईंनी पेन्शनीतून मागे टाकलेलं बाहेर काढलं. पहिल्या स्मृतिदिनाला पंचवीस खुर्च्या द्यायच्या होत्या.

"मले त्यातलं काय समजते," त्या मॅडमना म्हणाल्या. "नाव त्यायचं राहीन. पारख तुमची."

दुकान अंकितचं होतं. अंकित मॅडमचा विद्यार्थी. त्यांना पाहताच तो गल्ल्यावरून उठून बाहेर आला, पाया पडला. पंख्याखाली बसवलं. चहा सांगितला. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना म्हणाला, "ह्या आमच्या मॅडम. यायच्यासमोर प्लास्टिक खोटं बोलत नाई." लोकांनी वळून पाहिलं. मॅडम हसल्या. त्यांना बरं वाटलं होतं.

अंकितनं चॉकलेटी रंगाची एक खुर्ची समोर ठेवली. मॅडमनी उचलून पाहिली. हाताला चांगली जड लागली. त्यांचा अंगठा सवयीनं खुर्चीच्या हाताच्या दांडीकडे गेला, वाकवून पाहायला.

"बादली आणू का, मॅडम?" अंकित म्हणाला.

सगळे हसले. त्याला बादली आठवत होती, याचं मॅडमना फार कौतुक वाटलं. आता त्याच्याच दुकानात, चार लोकांत, त्याचाच माल वाकवून पाहायचा म्हणजे पोराचा अपमान. त्यांनी अंगठा काढून घेतला. बाजूचा एक माणूस म्हणाला, जड आहे म्हणजे मजबूत असन. मॅडमनी मान हलवली.

ती मान पुढे त्यांना खूप दिवस आठवत राहिली. पॉलिप्रॉपिलिन हलकं असतं. खुर्ची जड लागली तर त्यात दुसरं काही कालवलेलं असतं, बहुतेक वेळा खडूची भुकटी. भुकटी स्वस्त, प्लास्टिक महाग. हे त्या दर वर्षी फळ्यावर लिहीत आल्या होत्या.

खुर्च्या छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोत घालून विहारात आल्या. आपल्याकडे दिलेल्या वस्तूवर नाव लागतं. विहारातल्या पंख्यांच्या पात्यांवर नावं आहेत, घड्याळावर आहे, पाण्याच्या फिल्टरवर आहे. पेंटर अक्षरं कापलेली पत्र्याची पट्टी घेऊन आला. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात ‘स्मृतिशेष तानबा ताकसांडे यांच्या स्मरणार्थ’ असं उमटवत गेला. प्लास्टिकवर रंग टिकत नाही, महिन्याभरात पोपडे निघतात, ही त्याची नेहमीची तक्रार. या वेळी तो खूश होता. मॅडम, रंग मस्त धरला, म्हणाला. गुळगुळीत प्लास्टिकवर रंग धरत नाही. धरला तर का धरला, हे विचारायला हवं होतं. मॅडमनी विचारलं नाही.

पुढे आत भिंतींना रंग द्यायचा निघाला, म्हणून खुर्च्या अंगणात रचून ठेवल्या. वैशाखभर त्या उन्हातच होत्या. वर्ध्याच्या वैशाखात लोखंडही हात लावू देत नाही. बुद्धपौर्णिमेला मॅडम त्यातल्याच एकीवर बसल्या. उठल्या तेव्हा काळ्या काठाच्या साडीवर पांढरी भुकटी लागलेली होती. त्यांनी ती झटकली.

जयवंताबाई सावंगीला एका वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटतात. उंच, अंगानं भारी, आवाज मोकळा. सकाळी ऑटोत बसतात तेव्हा ऑटोवाला त्यांना मधे बसवतो, कडेला बसल्या तर ऑटो कलते म्हणतो. त्याही हसतात. शाळा सातवीपर्यंत झाली. पण वाचतात छान. शब्द सावकाश, स्वच्छ. वर्षावासात रोज एका बाईची वाचायची पाळी असते. शिकलेल्या बायका पानं भराभर उलटतात. जयवंताबाई वाचतात तेव्हा मागे कुजबुजणाऱ्याही गप्प होतात.

त्यांची पाळी त्या वर्षी श्रावणात आली. त्या दिवशी मेसमधून लवकर सुटी घेतली होती. इस्त्रीची पांढरी साडी नेसल्या होत्या. समोर टेबल, टेबलावर ग्रंथ, त्यामागे खुर्ची. त्या बसल्या, चष्मा लावला आणि वाचू लागल्या. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर पाण्याचा पेला घ्यायला थोड्या कलल्या.

खुर्चीचा मागचा पाय काडकन मोडला.

जयवंताबाई कुशीवर पडल्या. चष्मा सरकत भिंतीपर्यंत गेला. मग दोघी-तिघींनी धावत जाऊन उठवलं. लागलं फार नव्हतं. लागलं नाही हे कळल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, जयवंताले आता लोखंडाचीच खुर्ची लागन. हसू फुटलं. मग दुसरी म्हणाली, मेसमधल्या थोड्या पोळ्या पोरांलेही देत जाय वं. हसू वाढलं. जयवंताबाईही हसल्या. हसता हसता त्यांनी पदर सारखा केला. कोपराजवळ खरचटलं होतं, ते पदरानं झाकलं.

अन्नपूर्णाबाई हसल्या नाहीत. त्या वाकून खुर्चीची पाठ पुसत होत्या. पाठही चिरली होती. चीर नावातून गेली होती.

"माह्यानं मोडली, बाई," जयवंताबाई त्यांना म्हणाल्या. "भरून देईन."

मॅडम पुढेच बसल्या होत्या. मोडलेला पाय त्यांच्या पायाशी येऊन पडला होता. त्यांनी उचलला. चांगलं प्लास्टिक मोडण्याआधी वाकतं, वाकलं की पांढुरकं पडतं, तरी चिकटून राहतं. हा पाय खापरासारखा तुटला होता. आतून करडा, भुसभुशीत. बोटाला पीठ लागलं. मॅडमना सगळं कळलं. समजायला एक श्वासही लागला नाही.

तेवढ्यात सुमित्राबाईंनी विचारलं. सुमित्राबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष. "मॅडम, तुम्ही सांगा. नवीकोरी खुर्ची अशी कशी मोडली?"

सगळ्या मॅडमकडे पाहू लागल्या. जयवंताबाईही. चष्म्याविना त्यांचे डोळे बारीक झाले होते.

मॅडम म्हणाल्या, "वजन एका पायावर आलं असन."

वाक्य खोटं नव्हतं. वजन एका पायावर आलंच होतं. पुन्हा हसू आलं, या वेळी जरा दबकं, कारण आता ते शास्त्रातून आलं होतं. जयवंताबाईंनी मान खाली घातली. उरलेलं वाचन दुसऱ्या एकीनं उरकलं. शेवटी सगळ्यांनी हात जोडून पंचशील म्हटलं. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाशी मॅडमचा आवाज गेला. ओठ हलत राहिले.

घरी येताना तो तुकडा त्यांच्या पिशवीत होता. मोरीत बादली भरलेली होती. त्यांनी तो पाण्यात सोडला. सरळ तळाशी गेला. मग चाकूनं थोडी भुकटी खरवडली, बशीत घेतली, वर लिंबू पिळलं. बारीक फेस आला. खडू. त्या मोरीच्या उंबऱ्यावर बसून बशीकडे पाहत राहिल्या. हेच दुकानात केलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. पोर हसलं असतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या अंकितकडे गेल्या. तुकडा गल्ल्यावर ठेवला. रागावूनच बोलायचं असं ठरवून गेल्या होत्या. अंकितनं तुकडा उलटसुलट पाहिला. त्याचा चेहरा खरंच गोंधळला होता. माल बाहेरून येतो, गठ्ठ्यानं येतो, आम्ही काय फोडून पाहतो, म्हणाला. बदलून देतो म्हणाला, पण नाव टाकलेल्या खुर्च्या कंपनी परत घेत नाही, काही तरी करू. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही हात लावला ना, म्हणून मी निश्चिंत झालो. मले वाटलं, चांगला असन माल."

मॅडम रागावू शकल्या नाहीत. चहा न घेता परत आल्या.

जयवंताबाई विहारात यायच्या बंद झाल्या. पहिले दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं. कोणी म्हणालं, मेसला काम जास्त असन. कोणी म्हणालं, लाजली बिचारी. आठवड्यानं एका ऑटोवाल्यानं विहारासमोर लोखंडी घडीची खुर्ची उतरवली. जयवंताबाईंनी पाठवली म्हणाला. नवी होती. तिच्यावर नाव नव्हतं. बायकांनी ती भिंतीला टेकवून ठेवली. तिच्यावर कोणी बसेना. पोरंसुद्धा तिला जयवंता काकूची खुर्ची म्हणू लागली.

मॅडम रोज ती खुर्ची पाहत. मेसमध्ये उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या बाईनं ती विकत घेतली होती, स्वतःच्या वजनाचा दंड म्हणून. आणि तो दंड मॅडमनी सांगितला होता, पाच शब्दांत.

बोलायचं तर आधी अन्नपूर्णाबाईंशी बोलायला हवं होतं. एका खुर्चीचं खरं सांगितलं की उरलेल्या चोवीसांचं सांगावं लागणार होतं. मॅडम एका दुपारी त्यांच्याकडे गेल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं. दुकान, अंगठा, बादली, मान. अन्नपूर्णाबाई शेंगा निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

मॅडम म्हणाल्या, सगळ्या खुर्च्या मी माझ्या पैशानं बदलून देते.

"द्या," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पण गुपचूप द्या. लोक म्हणतीन, तानबाच्या बाईनं नवऱ्याच्या नावानं खडू वाटला. ते आयुष्यभर पायरीवर बसले. आता तरी नीट बसू द्या त्यायले."

मॅडमना हवं ते समोरून मिळालं होतं. नव्या खुर्च्या येतील, जुन्या भंगारात जातील, कोणी विचारणार नाही. त्यांना हलकं वाटलं. त्या उठल्या, जय भीम म्हणाल्या, फाटकापर्यंत गेल्या. फाटकाशी त्यांना त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटली. त्या परत फिरल्या.

"आणि जयवंताबाईंचं?"

अन्नपूर्णाबाईंनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही पाहा.

जयवंताबाईंच्या घरी जायला मॅडमना आणखी दोन दिवस लागले. गेल्या तेव्हा त्या ओट्यावर पाय पसरून गुडघ्यांना तेल लावत होत्या. मॅडमना पाहून उठायला लागल्या. मॅडमनी नको म्हटलं. खुर्ची शोधू लागल्या. मॅडम खालीच बसल्या. त्यांनी सांगितलं. खुर्चीत खडू होता. खडूवाल्या खुर्चीवर लहान पोरगं बसलं असतं तरी ती कधी ना कधी मोडलीच असती. मला त्याच वेळी दिसलं होतं. मी बोलले नाही.

जयवंताबाईंचा हात गुडघ्यावर थांबला.

"तुमाले तवाच माईत होतं?"

"हो."

"मी तं घरी येऊन वजनकाट्यावर उभी राह्यली, मॅडम. मेसच्या. धान्य मोजाच्या काट्यावर. पोरी पाहून राह्यल्या होत्या." चुकलेलं सांगणं त्यांनी सावरलं. "घरी नाई, मेसमंदी. घरी येऊन रडली."

मॅडम माफी मागू लागल्या. जयवंताबाईंनी मधेच थांबवलं. आवाज चढला नव्हता.

"मले काऊन सांगता? मले इथं एकटीले सांगून काय होते? हसले तं सारे तिथं."

पौर्णिमेला विहार भरलेलं होतं. खीर शिजत होती. त्या दिवशी वाचायची पाळी मॅडमचीच होती. त्या टेबलामागे उभ्या राहिल्या. ग्रंथ उघडला नाही. समोर चॉकलेटी खुर्च्यांवर म्हाताऱ्या बसल्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीमागे तानबांचं नाव. अन्नपूर्णाबाई पहिल्या रांगेत. जयवंताबाई दिसल्या नाहीत. मॅडमना वाटलं, त्या नाहीत तर आज राहू द्यावं. मग दारात त्या उभ्या दिसल्या. चपला काढल्या होत्या, आत आल्या नव्हत्या.

मॅडमना वर्गात कधी शब्द शोधावा लागला नाही. इथे लागला.

"त्या दिवशी सुमित्राबाईंनी मले विचारलं होतं, खुर्ची कशी मोडली. मी म्हटलं, वजन एका पायावर आलं. ते उत्तर मी लपायले दिलं होतं. खुर्चीच खराब आहे. ह्या सगळ्याच खराब आहेत. यात प्लास्टिक कमी, खडू जास्त. मी पारख न करता घेतल्या, दुकानात माझी तारीफ झाली म्हणून. अन्नपूर्णाबाईंचा यात काही दोष नाही. जयवंताबाईंचा तर नाहीच. मले त्याच क्षणी समजलं होतं. तुम्ही हसत होत्या, मी हसू दिलं."

पहिल्या रांगेतली एक म्हातारी घाबरून खुर्चीवरून उठली. मग तिच्या बाजूची, मग एकेक करून बाकीच्या. अन्नपूर्णाबाई बसूनच होत्या. त्या मॅडमकडे पाहत होत्या. गुपचूप द्या म्हटलं होतं, हे त्यांच्या नजरेत स्पष्ट होतं. मॅडमनी नजर न वळवता ते अंगावर घेतलं. मग अन्नपूर्णाबाई खुर्चीचा हात न धरता, गुडघ्यावर हात रेटून उठल्या आणि सतरंजीवर बसल्या. बसायला वेळ लागला. कोणी मदत करायला धजलं नाही.

सुमित्राबाई म्हणाल्या, जाऊ द्या मॅडम, होते असं. एक-दोघी होते होते म्हणाल्या. लोक इतकं लवकर जाऊ देतात, हे मॅडमना सोसवेना.

जयवंताबाई आत आल्या. बायकांनी सरकून जागा केली. कोणीतरी लोखंडी खुर्ची भिंतीपासून उघडून पुढे केली. त्यांनी ती हातानं बाजूला केली आणि अन्नपूर्णाबाईंशेजारी सतरंजीवर बसल्या, पाय पसरून.

"मॅडम," त्या म्हणाल्या. "तवा एक शब्द बोलल्या असत्या तं पुरलं असतं. आज एवढं बोला लागलं."

मॅडम हो म्हणाल्या. त्यांनी ग्रंथ उचलून जयवंताबाईंसमोर धरला. त्या दिवशी अर्धं राहिलेलं पान काढून. जयवंताबाईंनी पानाकडे पाहिलं, हात पुढे केला नाही.

"आज तुमची पाळी आहे. वाचा."

मॅडम वाचू लागल्या. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या आणि त्यापलीकडे खाली बसलेल्या बायका. आवाज दोनदा फाटला. कोणी हसलं नाही. त्या पान संपेपर्यंत वाचत राहिल्या, उभ्यानंच.